व्याह्यांच्या हातचे ब्रेक

लेक दिलेल्या घरी गाडी दुरुस्तीला देऊ नये, हे अबू कुतैबाला वेळेवर सांगणारं कुणी भेटलं नाही. त्याचे व्याही अबू मुनीफ म्हणजे अजलून या डोंगरगावच्या गॅरेजवाल्यांत सगळ्यात मोठ्या आवाजाचे. साखरपुड्यातच त्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं, आता तुमच्या गाडीला परक्याचा पाना लागला तर ती माझी बेअब्रू. लोकांनी वाहवा केली आणि अबू कुतैबा अडकला.

त्याची मिनीबस डोंगरावरून खाली इरबिद शहरात उतारू नेई. ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढायची, आणि डावीकडे दरी. व्याही दर वेळी मिशीवर हात ठेवून शपथ घ्यायचे, पण पहिल्याच उतारावर बस मूळ स्वभावावर यायची. काम फुकटचं, त्याला नावं ठेवायची कशी? दुसरीकडे न्यावी तर बोलणी खाणार रुबा, त्याची लेक, आणि तिला सातवा महिना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शेवटी एकदा बस कठड्याला घासत थांबली आणि मागची म्हातारी कलमा पढू लागली, तेव्हा त्याने ठरवलं. तो व्याह्यांच्या घरी गेला. कॉफी आली तशी त्याने कप न उष्टावता खाली ठेवला. असा कप ठेवला की पाहुणा काही मागायला आलाय हे शेंबडं पोरही ओळखतं. मागणं मान्य झाल्याशिवाय तो कॉफीला ओठ लावत नाही. बस दुसरीकडे न्यायची मोकळीक, एवढंच त्याला मागायचं होतं.

"प्या कॉफी, अबू कुतैबा," व्याही म्हणाले. "मागायला आलात ते दिलं."

आणि हा शहाणा, काय मागायचं ते सांगायच्या आधीच प्यायला.

"मला ठाऊक आहे तुमच्या मनातलं. ब्रेक या वेळी मी स्वतः खोलतो, कामगारांना हात लावू देत नाही."

कप रिकामा झाला होता. दारात रुबा ट्रे धरून उभी होती. तिच्याकडे पाहून त्याला पुढे बोलवेना.

गाडी तयार झाली तेव्हा व्याह्यांनी वर आणखी एक मान दिला. सूनबाईला इरबिदच्या डॉक्टरकडे न्यायचंय, याच बसमधून न्या म्हणाले. अबू कुतैबा पहिल्या गिअरमध्ये उतरत होता तरी घामाने भिजला. पहिल्याच वळणावर बस डावीकडे ओढली. त्याने ती कशीबशी थांबवली. लेकीला घेऊन मी हे काय करतोय, असं वाटून त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"बाबा," रुबा हळूच म्हणाली, "पुढे निळ्या दाराचं गॅरेज आहे. मुनीफ आपली गाडी तिथेच नेतो."

"त्याच्या बापाला ठाऊक आहे?"

"छे. घरी येऊन त्यांनाच म्हणतो, तुमच्या हाताला यश आहे. तुम्हीही म्हणा."

जावयाची ही तऱ्हा ऐकून हसावं की रडावं ते त्याला कळेना. निळ्या दारवाल्याने ब्रेक दुरुस्त केले, डॉक्टरकडेही जाऊन झालं. संध्याकाळी परतल्यावर व्याह्यांनी स्वतः बसून बस पळवली आणि गल्लीभर माणसांसमोर ब्रेक दाबला. बस सरळ रेषेत उभी राहिली.

"हात कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच. यश आहे हाताला," अबू कुतैबा म्हणाला.

गर्दीत फव्वाझ होता, व्याह्यांच्या धाकट्या सुनेचा भाऊ. शाळेची बस तो चालवायचा. "मग उद्या माझीही आणतो," तो मोठ्याने म्हणाला. "चांगलं काम आहे ना, काका?"

सगळे अबू कुतैबाकडे पाहू लागले. खिडकीत रुबा होती. फव्वाझच्या बसमध्ये रोज गावची पोरं बसायची. अबू कुतैबा "हो" म्हणाला. माणसं पांगताच त्याने फव्वाझला भिंतीआड ओढलं आणि निळ्या दाराचं नाव घेतलं.

फव्वाझने त्याचा हात थोपटला. "काका, मी बहिणीच्या लग्नापासून तिथेच नेतो. आज तुमची बस तिथे दिसली. म्हटलं, चला, अबू कुतैबाही घरातले झाले."