छत्रीवाला ससा

सांगलीत पूर्वी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात वरून झाकलेला. बोटं दाबून भाव सांगायचा, आणि मूठ आवळली की सौदा पक्का. मग माघार नाही. पोती उचलता उचलता मी ते शिकलो आणि पुढं स्वतःचं दुकान टाकलं.

आता रविवारी सकाळी कृष्णेच्या घाटावर आम्ही काही जण जमतो, कार्टूनच्या बिल्ल्यांची अदलाबदल करायला. शर्टाला टोचायचे, पितळेवर रंग भरलेले बिल्ले: अस्वलं, भुतं, चष्मेवाली घुबडं. तिथंही रुमाल मीच सुरू केला. एक बोट म्हणजे एक बिल्ला.

आमच्यात आटपाडीकडचा एक निवृत्त फौजी येतो. त्याला माझा छत्रीवाला ससा हवा होता. मला द्यायचा नव्हता. हमालीच्या दिवसांत साताऱ्यात एका फेरीवाल्याला डोक्यावरची टोपी देऊन मी तो घेतलेला; माझा पहिला सौदा. पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आपला जीव कशात आहे हे समोरच्याला कळलं की भाव गेलाच.

फौजी सगळ्यांसमोर हसला. "ऱ्हाऊ दे रं गड्या. मोठा व्यापारी म्हणं, आन् सशाला कवळून बसलाय!"

माझं डोकं फिरलं. रुमालाखाली त्यानं तीन बोटं दाबली आणि मी रागात मूठ आवळली. घरी येईस्तोवर पस्तावलो. माणसाला चिडवून माल काढणं याला मी सौदा म्हणत नाही. आजही म्हणत नाही.

पुढच्याच आठवड्यात मी त्याचं गाव गाठलं. त्याचे तिन्ही बिल्ले आणि वर माझं सगळ्यात चांगलं घुबड खिशात. अंगणात बसल्या बसल्या रुमाल पुढं केला. त्यानं हात मागंच ठेवला.

"माल माझा न्हाई आता. मालकिणीशी बोल."

त्याची बायको चहा घेऊन बाहेर आली. खांद्यावर, पदराला टोचलेला माझा ससा.

बाईमाणसाचा हात रुमालाखाली कसा घेणार? जन्मात पहिल्यांदा मला उघड्यावर, तोंडानं मागावं लागलं. चारी बिल्ले खाटेवर मांडले आणि म्हणालो, "तेवढा ससा परत द्या."

तिनं बिल्ल्यांकडं पाहिलंही नाही. "आवं दादा, एवढं काय हाय ह्या सशात?"

"तो माझा पहिला आहे, वहिनी." मग टोपीचंही सांगून टाकलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. सशावर बोट ठेवलं. "ह्यांनी फौजेतनं लय काय काय आणलं. कुकर, ब्लँकेटं, ट्रंका. समदं घरासाठी. माज्यासाठी म्हणून आणलेलं ह्येच पयलं. न्हाई द्यायची मी."

फौजी कपातल्या चहाकडं बघत बसला.

निघताना दिसलं, सशाची मागची फिरकी सैल झाली होती. माझ्या खिशात जादा असतातच. एक काढून तिच्यापुढं धरली. "ही लावा. नाहीतर शेतात पडेल कुठंतरी."

फौजी अजून घाटावर येतो, अजून रुमाल पुढं करतो. मी हात देत नाही. ससा कसा आहे, एवढं मात्र विचारतो.