चौथ्या गोष्टीबद्दल किनुएचं मत

एक माकूळ चिरायला किनुए सावागुचीला चार सेकंद लागत. पोटावरून सरळ सुरी, आत अंगठा, आतडी आणि शाईची पिशवी एका ओढीत बाहेर, डोळे उपटून टोपलीत. जपानच्या उत्तरेला हाचिनोहेच्या बंदरावरच्या शेडमध्ये ती एकोणीस वर्षं हेच करत होती, आणि एवढ्या वर्षांत तिच्या एप्रनवर शाईचा थेंब कुणी पाहिला नव्हता. अंगावरचे डाग मात्र सगळ्यांनी पाहिले होते. गळ्याशी, कानामागे, दंडाच्या आतल्या बाजूला. आम्हा बंदरवाल्यांना एक खोड आहे. दुसऱ्याच्या घरातलं काही नजरेस पडलं की आम्ही लगेच समुद्राकडे बघतो. एकोणीस वर्षं आम्ही समुद्राकडेच बघत राहिलो, याची मला आजही चीड येते.

तिचा नवरा तोराझो बोटीवर इंजिन सांभाळायचा. बाहेर माणूस मोठा लाघवी. म्हाताऱ्यांच्या मासळीच्या पेट्या उचलून देईल, कुणाचा पंप बिघडला तर न बोलावता जाईल. वीस वर्षांच्या नोकरीबद्दल मच्छीमार संघाने त्याला सोनेरी घड्याळ दिलं होतं. धक्क्यावर कुणी वेळ विचारली की तो बाही हळूच मागे सारायचा, मनगट उजेडात धरायचा आणि मिनिटासकट वेळ सांगायचा. लोक मुद्दाम विचारायचे. घरी आला की हाच माणूस किनुएला मारायचा, आणि एखाद्या दिवशी आपण याच्या हातून मरणार, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. कधी, तेवढंच ठाऊक नव्हतं.

तिला शौक एकच, भुताखेतांच्या गोष्टी वाचायचा. स्टेशनसमोरच्या दुकानातून महिन्याला एक पुस्तक आणायची आणि जेवणाच्या सुट्टीत शेडमधल्या बायकांना सांगायची. त्या वर्षी आणलेल्या पुस्तकात अकरा गोष्टी होत्या. पहिलीत मेलेल्या सवतीचे केस न्हाणीच्या मोरीतून वर येऊन नव्या बायकोचा गळा आवळतात. दुसरीत एक खाटीक भावाला कापून आकड्याला टांगतो आणि सकाळी गिऱ्हाईक म्हणून भाऊच दारात उभा असतो. बायका भाताचे गोळे खात खात ऐकायच्या, आणि मत द्यायला कुणी मागे राहायची नाही.

"मोरीत केस अडकले तर माझा नवरा मलाच ओरडतो," रित्सु म्हणाली. ती सगळ्यांत तरुण आणि तोंडाने सगळ्यांत तिखट. "भूत असो नाहीतर काय असो, मोरी मीच साफ करायची."

"आणि तो खाटीक अडाणी," योने आजी म्हणाली. आजीला सत्तरी उलटली होती, तरी शेडमध्ये शब्द तिचा चालायचा. "एवढा मोठा माणूस आकड्याला टांगायचा तर आधी आतडी नको का काढायला? आमच्याकडे आला असता तर शिकवलं असतं."

सगळ्या हसल्या. मग किनुएने चौथी गोष्ट सांगितली. त्यात नवरा डरकाळ्या फोडतो, भांडी आपटतो, आणि शेवटी लोखंडी किटलीने बायकोचं डोकं फोडतो. तिचं भूत रोज रात्री किटली उकळत ठेवतं.

"पळून जायचं ना मग," रित्सु म्हणाली. "पाय नव्हते का तिला?"

"पळून कुठे जाईल? माहेरी?" योने आजी म्हणाली. "माहेरचे दोन दिवस जेवायला घालतात आणि तिसऱ्या दिवशी परत पोचवून येतात."

किनुए एकदा गेली होती. तिसऱ्या दिवशी तिच्या बापाने तिला परत आणलं, जावयासमोर मिठाईचा डबा ठेवला आणि कपाळ चटईला टेकवून माफी मागितली. मिठाई तोराझोला आवडली. पाचवी गोष्ट तिने त्या दिवशी सांगितली नाही.

आमच्याकडे प्रत्येक पुस्तकात एक छापील पोस्टकार्ड असतं. नाव, पत्ता, वय, काम आणि खाली वाचकाने आपलं मत लिहायचं. तिकीट प्रकाशकाचं. निम्मे लोक त्याची पानखूण करतात. किनुए मात्र ते शेवटच्या रकान्यापर्यंत भरायची. रकाना दिसला की रिकामा सोडायचा नाही, हे शाळेतल्या बाईंनी हातावर छडी मारून शिकवलं होतं. त्या रविवारी तोराझो बोटीवर होता. तिने बसून लिहिलं:

"चौथी गोष्ट खोटी आहे. रोज मारणारा माणूस ओरडत नाही आणि भांडी फोडत नाही. तो आधी मनगटावरचं घड्याळ काढतो, टीव्हीवर उताणं ठेवतो, टीव्हीचा आवाज वाढवतो आणि मग मारतो. बायकोला ठोशापेक्षा घड्याळाच्या पट्ट्याचा खटका वाजतो त्याची भीती जास्त वाटते. लेखकाने दुरुस्ती करावी. बाकीची भुतं ठीक आहेत."

अगदी तळाला बारीक अक्षरांत प्रश्न होता: आपलं मत जाहिरातीत छापलं तर चालेल का? हो किंवा नाही, एकावर गोल करा. 'चालेल का' असं किनुएला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. तिने 'हो'भोवती नीट गोल काढला आणि कार्ड पेटीत टाकलं.

दोन महिने काही झालं नाही. पुस्तक बरं खपत असावं, कारण एक दिवस वर्तमानपत्राच्या तळाला त्याची आडवी जाहिरात आली. योने आजी चष्मा लावून जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचायला लागली.

"ऐका, लोकांची मतं छापलीत. 'अंगावर काटा आला. विद्यार्थी, वय वीस.' याला अजून जगात काही दिसलं नाही. 'दिवा चालू ठेवून झोपलो. बँकेतला नोकरदार, वय एकावन्न.' याची बायको किती हसली असेल." आजी पुढे सरकली. "'चौथी गोष्ट खोटी आहे. रोज मारणारा माणूस ओरडत नाही...'"

वाचता वाचता तिचा आवाज उतरत गेला. घड्याळापाशी आली तेव्हा सगळ्यांच्या हातातले घास थांबले होते. खाली नाव नव्हतं. 'माकूळ शेडमधील कामगार, महिला, वय त्रेचाळीस, हाचिनोहे' एवढंच होतं. त्या शेडमध्ये त्रेचाळीस वर्षांची एकच बाई होती. प्रकाशकाने नाव झाकलं होतं, पण आमच्या बंदरात नाव सोडून बाकी सगळ्याने माणूस ओळखला जातो.

योने आजीने समुद्राकडे बघितलं नाही. ती किनुएकडे बघून म्हणाली, "आज घरी जाऊ नकोस."

"तांदूळ भिजत घातलेत, आजी," किनुए म्हणाली. पाळी संपली तशी ती सुरी धुऊन घरी गेली.

तोराझो दुपारी संघाच्या कचेरीत गेला होता. तिथे कुणीतरी विचारलं, "तोराझो, किती वाजले?" आणि सगळे फिदीफिदी हसले. त्याने बाही मागे सारली तसे आणखी हसले. मग कुणीतरी वर्तमानपत्र त्याच्यापुढे सरकवलं.

तो आला तेव्हा किनुए ओट्याशी उभी होती. त्याने वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं. मग नेहमीप्रमाणे त्याचा हात पट्ट्यावर गेला, आणि तिथेच थांबला. घड्याळ काढलं असतं तर छापलेलं खरं ठरलं असतं. किनुएने हे पाहिलं. क्षणभर तिला वाटलं, आज वाचले. मग तो घड्याळासकट तुटून पडला.

पहिला ठोसा गालाच्या हाडावर बसला. काच तिथेच फुटली आणि धातूची कड मांसात रुतली. दुसऱ्याने डोळा रक्ताने भरला. ती पडली तेव्हा त्याने केस धरून डोकं ओट्याच्या कोपऱ्यावर दोनदा आपटलं, बरगड्यांत लाथा घातल्या, आणि प्रत्येक फटक्यासरशी काचेचे तुकडे तिच्या गालात आणखी आत जात होते. तो बोलत नव्हता. तीही ओरडायची नाही, पण त्या दिवशी काचेने ती ओरडली. टीव्ही लावायचं त्याला सुचलं नव्हतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते सगळं गल्लीला ऐकू गेलं.

दार सरकवून योने आजी आत आली. मागे रित्सु आणि आणखी चौघी. घरी न जाता शेडमधून तशाच आल्या होत्या, रबरी बूट घातलेल्या, सुऱ्या हातात. बूट न काढता घरात पाऊल टाकायचं नसतं आमच्याकडे. त्या बुटांसकट चटईवर चढल्या.

"तोराझो," आजी म्हणाली, "किती वाजले?"

त्याचा हात हवेतच राहिला. नकळत त्याने मनगटाकडे बघितलं. काच नव्हती. काटे चार वाजून दहा मिनिटांवर वाकले होते आणि तबकडीत रक्त साचलं होतं.

"सांग की. एरवी मिनिटासकट सांगतोस."

त्याने दुसऱ्या हाताने मनगट झाकलं. "ही आमच्या घरातली गोष्ट आहे, आजी."

"होती. आता छापून आलीय," आजी म्हणाली. तिने सुरी त्याच्या पोटाला लावली, बरोबर जिथून माकूळ चिरायला घेतात तिथे. "चार सेकंद लागतात. तुझ्या बायकोनेच शिकवलंय सगळ्यांना."

तो भिंतीला टेकला. रित्सुने किनुएला पाठीवर घेतलं आणि त्या निघाल्या. तांदूळ तसेच भिजत राहिले.

डावा डोळा वाचला नाही. गालावर अर्धगोल व्रण कायमचा राहिला. तोराझोने घड्याळ परत कधी घातलं नाही, पण धक्क्यावर लोकांनी त्याला वेळ विचारणं सोडलं नाही. शेवटी त्याने दुसरं बंदर गाठलं.

टाके निघाल्यावर योने आजी स्टेशनसमोरच्या दुकानातून तेच पुस्तक घेऊन आली, कारण जुनं त्या घरात राहिलं होतं. किनुएने आधी आतलं कार्ड काढलं आणि एक डोळा जवळ नेऊन लिहायला बसली. नावाच्या रकान्यात तिने माहेरचं आडनाव घातलं. पत्त्याच्या रकान्यात योने आजीचा पत्ता. मताच्या जागी लिहिलं:

"मागच्या वेळी मी चुकीचं कळवलं. तो घड्याळ न काढताही मारतो. बाकी मत तेच आहे."

"पुन्हा छापतील गं," आजी म्हणाली.

"छापू देत."

तिने 'हो'भोवती गोल काढला. मग पेन्सिलीला टोक केलं आणि शेजारच्या कोऱ्या जागेत, रकाना नव्हता तरी, एक शब्द लिहिला: नावासकट.