पहिलीलाही हेच झालं होतं

माझं लग्न सख्ख्या मामाशी झालं. आमच्या दुधनीकडे, कर्नाटकाच्या सीमेवर, यात कुणाला नवल वाटत नाही. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, मला तिच्या धाकट्या भावाला दिलं. सासू म्हणजे आपलीच आजी. पोरीला जन्मभराचं माहेर मिळालं, असं अव्वाला वाटलं होतं.

पहिली मुलगी सोलापुरात झाली. दुसऱ्या दिवशी दूध पिता पिता तिचे ओठ चटाचटा हलायला लागले, हात ताठ झाले, पाय सायकल मारल्यासारखे फिरायला लागले. आकडी थांबेना. एकावर एक तीन औषधं झाली. गुंगीतसुद्धा तिचा चेहरा वाकडा व्हायचा. नवव्या दिवशी ती गेली. रक्तात जंतू झाले असतील, असं सांगितलं गेलं. आम्ही ते मानलं आणि तिला शेतात पुरलं.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यापासून पोटात बाळ थडथड उडायचं, थांबायचं, पुन्हा उडायचं.

"अव्वा, पहिलीच्या वेळेसारखंच होतंय."

"उचक्या लागत्यात बाळाला. चांगलं असतंय ते," ती म्हणाली.

मुलगा झाला. सहा तासांत त्याचे ओठ हलायला लागले. मी नर्सला हाका मारत सुटले. नवरा भिंतीला पाठ लावून तिथंच खाली बसला.

त्याला दुसऱ्या, मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. पाचव्या दिवसापर्यंत सगळी औषधं देऊन झाली होती. काचेपलीकडे त्याचं अंग धनुष्यासारखं वाकायचं आणि मी मनात म्हणायचे, न्यायचंच असेल तर ने बाबा, पण असं पिळू नकोस. हे मी आजवर कुणाला बोललेले नाही.

सहाव्या दिवशी एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विचारलं, "लग्न नात्यातलं आहे?"

"मामाच आहेत माझे."

"आधीचं मूल?"

मी सगळं सांगितलं, पोटातल्या उचक्यांसकट. त्यांनी त्याची फाईल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. मग म्हणाल्या, "एक जीवनसत्त्व शिरेतून देऊन बघू, बी-सिक्स. श्वास थांबण्याचा धोका आहे, म्हणून मशीन जवळ ठेवू. सही करा."

सुई दिल्यावर काही मिनिटांत त्याचे हात सैल पडले. मला वाटलं, गेला. मी किंचाळले.

"अहो, झोपलाय तो," त्या म्हणाल्या.

आमच्या तिघांचं रक्त तपासणीला बाहेर गेलं. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला तेव्हा अव्वाही सोबत होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर आजी-आजोबा काढले, त्यांच्यापासून खाली येणाऱ्या दोन रेघा काढल्या. एक अव्वाकडून माझ्यापर्यंत, दुसरी थेट माझ्या नवऱ्यापर्यंत. एकच बिघडलेलं जनुक दोन्ही रेघांनी आलं होतं. आम्हा दोघांकडे ते एकेकच, म्हणून आम्हाला काही झालं नाही. दोघांकडूनही मिळालं की मूल आजारी. प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. मुलाचा त्यांनी चौकोन काढला. शेजारी पहिलीचं वर्तुळ काढलं आणि त्यावर तिरकी रेघ मारली.

अव्वानं त्या वर्तुळावर बोट ठेवलं. "बाई, हिला बी ही सुई दिली असती तर?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तिची तपासणी झालेली नाही. पण बहुतेक हेच असावं."

बाहेर जिन्यात अव्वा एकदम खाली बसली. "मीच दिली की गं तुला. ह्या हातानं दिली."

मी तिच्याजवळ उभी राहिले. तिच्या खांद्यावर हात ठेवायचं मला सुचलं नाही.

मुलगा आता चार वर्षांचा आहे. उशिरा चालला, बोलतो मोजकंच. रोज सकाळी त्याला दुधात त्याच जीवनसत्त्वाची गोळी कुस्करून देते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते ती. गेल्या साली तापात दोन दिवस ती पोटात टिकली नाही, तर ओठ पुन्हा हलले होते. तेव्हापासून त्याचं अंग कोमट लागलं तरी मी आधी त्याचे ओठ बघते.

अव्वा दर सोमवारी दुधनीहून येते, नातवाला भरवते. पहिलीचा विषय निघाला की उठून ओट्याकडे जाते. तुझी चूक नव्हती, एवढंच मला तिला सांगायचं असतं. मी तिच्या मागोमाग आत जाते आणि चहा ठेवू का, एवढंच विचारते.