बाळंतकाढ्यातली चिनी मुळी
२००६च्या हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आठवड्यातून दोनदा एक परिचारिका रक्त घ्यायला यायची. बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी माझ्या डाव्या पोटरीत रक्ताची गाठ सापडली होती. आधी पोटात इंजेक्शनं, मग रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. रोज किती गोळ्या घ्यायच्या, हे रक्ताच्या तपासणीतल्या एका आकड्यावर ठरायचं. तो दोन ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गाठीचा तुकडा फुप्फुसात जाण्याची भीती, वर गेला तर कुठूनही रक्त वाहू लागण्याची. गोळ्यांचा तक्ता दुसऱ्या दिवशी टपालाने यायचा. आकडा बिघडला असेल तर त्याच दुपारी तपासणी केंद्रातून फोन.

दोन आठवडे तक्ते टपालाने आले. मग एका मंगळवारी फोन आला. चार पूर्णांक दोन. आज गोळी घेऊ नका, उद्यापासून कमी घ्या. शुक्रवारी पुन्हा फोन. गोळ्या कमी करूनही पाच पूर्णांक एक.

फोनवरची बाई दोन्ही वेळा तेच प्रश्न वाचत गेली. ताप? जुलाब? जेवण कमी झालंय? दुसरं एखादं औषध? मी सगळ्यांना नाही म्हणाले. पुण्यात एका दैनिकात सहा वर्षं मी इतरांच्या बातम्या तपासल्या होत्या. ही चार उत्तरं मात्र मी न तपासता दिली.

घरात नवरा, पाच आठवड्यांची मुलगी आणि बाळंतपणासाठी आलेली माझी आई. आईच्या बॅगेत डिंक, अळीव आणि बाळंतशेपा होता. बाळंतकाढ्याच्या बाटल्या वजन जास्त भरल्याने मुंबई विमानतळावर काढाव्या लागल्या होत्या, आणि ते ती विसरायला तयार नव्हती. इथल्या पद्धतीबद्दल तिचं मत पहिल्याच दिवशी तयार झालं होतं. "बाळंतिणीला गार दूध आणि टोस्ट. वर बडीशेप, तीही साखरेत बुडवून. म्हणजे वस्तू माहीत आहे, वापर माहीत नाही."

तळमजल्यावर एक चिनी संशोधक राहायची. वाखनिंगनच्या विद्यापीठात वनस्पतींवर काम करायची, रोज ट्रेनने जायची. बाळ बघायला येताना तिने कोंबडीचं सूप आणलं. आम्ही ते खात नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी कागदी पुडीत वाळलेल्या मुळीच्या चपट्या चकत्या घेऊन आली. दांग ग्वै. त्यांच्याकडे बाळंतिणीला देतात, तिच्या वेळी तिच्या आईने दिली होती, आणि ही पुडी द हेगमधल्या चिनी दुकानातली. आईने पुडी नाकाशी नेली. "ओव्याच्या घरातलं दिसतंय," ती म्हणाली. मग तिने चार बोटं दाखवली, तीन मिटली. चार भांडी पाण्याचं एक भांडं करायचं का? शेजारीण थोडा विचार करून हसली आणि तिने मान डोलावली. दोघींत एकही भाषा समान नव्हती. त्या संध्याकाळपासून सुंठ आणि गूळ घालून आटवलेला काढा मला सकाळ-संध्याकाळ मिळू लागला.

माझ्या पायातली गाठ मी शेजारणीला सांगितली नव्हती. बाळंतिणीचं दुखणं बाहेर बोलायचं नाही, हा आईचा नियम मला त्या दिवसांत सोयीचाही वाटला होता.

शनिवारी मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला. टेबलाचा कोपरा लागल्याचं आठवत होतं, पण हलकाच. रविवारी दुपारी, दहा दिवसांपूर्वी थांबलेला बाळंतपणाचा रक्तस्राव पुन्हा सुरू झाला. सुट्टीच्या दिवशीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तासाभरात एक पॅड भिजलं तर निघा. नवऱ्याने जाकीट घातलं आणि ते न काढताच खुर्चीत बसला.

मी टपालाने आलेले तक्ते पलंगावर पसरले. कुठल्या दिवसापासून आकडा चढला, आणि त्याआधी घरात काय बदललं?

"मेथी?" नवरा म्हणाला.

"मेथी पहिल्या दिवसापासून आहे," आई म्हणाली. तिच्या हातात स्टीलचा पेला होता. "घे, गार होतोय."

मी पेला घेतला नाही. "आई, हा कधीपासून देत्येस?"

"त्या खालच्या मुलीनं पुडी दिली तेव्हापासून."

"कुठला वार होता?"

"मला काय वार विचारतेस? तुझा तो आकडा पहिल्यांदा बिघडायच्या आधी चार-पाच दिवस." ती थांबली. "अगं, काढा आहे तो. बाळंतिणी पितातच. त्याला काय औषध म्हणतात?"

दोनदा फोनवर मीही तेच धरून चालले होते.

नवरा खाली गेला आणि शेजारणीला घेऊन आला. तक्ते पाहून ती दारातच थांबली. "तू या गोळ्या घेत्येस?" ती इंग्रजीत म्हणाली. "आमच्याकडे दुकानदार सगळ्यात आधी हेच विचारतो. ही मुळी आणि या गोळ्या एकत्र घ्यायच्या नसतात. मला का नाही सांगितलंस?" तिने एका तक्त्याच्या पाठीवर मुळीचं लॅटिन नाव लिहिलं.

"काय म्हणत्येय ती?" आईने विचारलं. मी सांगितलं. आईने पेला मोरीत ओतला आणि नळ बराच वेळ चालू ठेवला.

तोवर पॅड भिजलं होतं, पन्नास मिनिटांत. रुग्णालयात आकडा सहा पूर्णांक आठ निघाला. डॉक्टरांनी लॅटिन नाव दोनदा वाचलं, संगणकावर शोधलं आणि मला गोळ्यांचा परिणाम उतरवणारे के जीवनसत्त्वाचे थेंब प्यायला दिले. बाहेर मुलगी रडत होती, नवरा तिला घेऊन फेऱ्या घालत होता. रक्तस्राव कमी झाला नाही तर मला ठेवून घेणार होते. दर अर्ध्या तासाने एक परिचारिका पाहून जायची आणि कागदावर काहीतरी लिहायची. चौथ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "कमी आहे." सातला आम्हाला घरी सोडलं.

मंगळवारी आकडा दोन पूर्णांक नऊ होता. शुक्रवारी परिचारिका रक्त घ्यायला आली, तेव्हा तिने बॅग उघडण्याआधीच आईने मसाल्याचा डबा तिच्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं. हळद, जिरं, मोहरी, धणे. बाजूला ओव्याची बाटली, डिंकाच्या लाडवांचं ताट.

"एकेक दाखव तिला," आई मला म्हणाली. "आणि तिच्यासमोर विचार. मागाहून नको."

परिचारिकेने बहुतेक वस्तू ओळखल्या. स्वयंपाकात घालता तेवढ्याने काही होत नाही, म्हणाली.

"हिंगाचं विचारलं नाहीस."

मी विचारलं. परिचारिकेने डबीचा वास घेतला आणि डबी जरा लांब धरली. हे तिला माहीत नव्हतं. केंद्रात विचारून दुपारी फोन करते, असं म्हणून तिने नाव लिहून घेतलं.

फोन तीनला आला, हिंग चालेल म्हणून. आईने त्याआधीच फोडणी दिली होती, हिंगाशिवाय.