इनास सर आणि आरोपाची इंग्रजी

इनास सर इंग्रजी पेपर वाचायचे तो मोठ्याने, अर्ध्या सांडोर गावाला ऐकू जाईल असा. शाळेतून निवृत्त झाले तरी वर्ग काही सुटला नव्हता. नाक्यावरच्या चहावाल्याची बाकडी हा त्यांचा वर्ग आणि केळी पोचवून परतलेले आम्ही बागायतदार त्यांचे विद्यार्थी. गुन्ह्याची बातमी आली की सर चष्मा कपाळावर चढवायचे.

"अक्यूज म्हणजे कुणीतरी बोट दाखवलं. चार्ज म्हणजे तेच बोट आता कागदावर, कलमासकट. अमेरिकेवाले त्यालाच इंडाइट म्हणतात. कन्व्हिक्ट म्हणजे कोर्टाला ते पटलं. यात वर्षं जातात रे बाबांनो! आणि तुम्ही चहा थंड व्हायच्या आत माणसाला फासावर चढवून मोकळे!"

आम्ही हसायचो. मग पाचूबंदरला मासळीच्या लिलावात मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, आणि मासळी घ्यायला गेलेल्या आमच्यातल्या पास्कलचं नाव चार्जशीटमध्ये आलं. पास्कल येऊन बसला की बाकडं रिकामं व्हायला लागलं. सर मात्र त्याच्याकडे सरकायचे आणि दोन कटिंग सांगायचे.

चर्चच्या सणाच्या मिरवणुकीत संताच्या मूर्तीला खांदा द्यायचा मान पास्कलच्या घराकडे. त्या वर्षी कमिटीच्या बैठकीत एक जण फादरांना म्हणाले, "केस चालू आहे त्याच्यावर. बरं नाय दिसत."

सर उठले. "चालू आहे ना? संपली नाय ना? मग तुमचा निकाल कुठून आला? पास्कल नसेल तर मी रस्त्यात बसेन. मला उचलायला माणसं शोधून ठेवा!"

सरांचं वजन सगळ्यांना ठाऊक होतं. फादरांना हसू आलं आणि पास्कलने खांदा दिला. सर दुखरे गुडघे घेऊन शेवटपर्यंत त्याच्या बाजूने चालले.

गेल्या वर्षी सर गेले. आता पेपर फोनवर येतो आणि जो तो मनातल्या मनात वाचतो. मला तो खणखणीत आवाज हवा असतो. फार हवा असतो.

परवा कोर्टातून पास्कलचा फोन आला. "सुटलो रे. निर्दोष."

"अरे, सरांना..." म्हणालो आणि थांबलो.

पास्कल म्हणाला, "प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर येऊन बसायचे ते. आज निकाल वाचला ना, तसं मी वळून बघितलं. सवयीनं बघितलं रे."