आत्या लग्नात बेपत्ता झाली

मंडळी, आज महाडात एक थोर सादरीकरण पाहिलं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या आपल्याकडच्या सामान्य माणसांची अख्खी आयुष्यं म्हणे संगणकात भरलीत.

शेजारी माझी आत्या होती. पडद्यावर दासगावची शेवंता लग्नाच्या वर्षी 'बेपत्ता' झाली आणि पोलादपुरात सुनंदा उगवली, 'जन्म अज्ञात'.

आत्या उठली. "दोन्ही मीच हाय रे बाबा. लग्नात नाव बदललं माझं."

प्रकल्पाचे साहेब हसले. "आजी, सिस्टीम तसं धरत नाही."

तिच्या नवऱ्याचं आयुष्य मात्र जन्मापासून मरणापर्यंत सलग!

डोंबलाचा अभ्यास. निम्मा तालुका मांडवातच गायब केला आणि वर टाळ्या घेतल्या. साहेब, घरी जाऊन आईला तिचं माहेरचं नाव विचारा.

आणि मंडळी, तुम्हाला तरी तुमच्या आईचं ठाऊक आहे का?