पंच्याण्णव टक्के, तरी वार हुकला!

गेम खेळणारा चिडला की मॉनिटर फोडत नाही, आम्हाला मेल करतो. त्यामुळे माझ्याकडे किश्श्यांचा ढीग साचलाय. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात आम्ही तलवारी-राक्षसांचा व्हिडिओ गेम बनवतो. मूळ खेळ टेबलावर फासे टाकून खेळायचा. आता फासा कॉम्प्युटर टाकतो. कोणाचा वार लागण्याची शक्यता किती टक्के, हा गेमचा 'बॅलन्स' ठरवणं माझं काम. म्हणजे शिव्या खाणं माझं काम!

*

आमचा टेस्टर संदेश, घोडपदेवचा. एकदा हेडफोन आपटून माझ्या टेबलाशी आला.

"स्क्रीनवर पंच्याण्णव टक्के लिहिलंय. तीनदा मारलं, तीनदा हुकलं! काय चाललंय काय?"

"अरे, शंभरात पाच वेळा हुकणारच."

"मान्य. पण ते पाचही माझ्याच नशिबी कशाला?"

*

तक्रारींना वैतागून मी गुपचूप सत्तर टक्क्यांचे आतून पंच्याऐंशी केले. स्क्रीनवर आकडा सत्तरच. सगळे खूश! "आता कसं गणित बरोबर वाटतंय!"

मला मात्र ते टोचत राहिलं. शेवटी खरे सत्तर परत लावले.

लगेच मेल आला: "खोटारडे आहात तुम्ही."

*

आमचे बॉस नाईक सर मीटिंगमध्ये म्हणाले, "खेळणाऱ्याचा प्रत्येक वार लागला पाहिजे. आणि गेम अवघडही राहिला पाहिजे."

"सर, दोन्ही एकदम कसं जमणार?"

"ते तू बघ गं. मी व्हिजन दिलं!"

*

पहिल्याच गावातल्या तळघरात एक साधा उंदीर होता. माझ्या हातून त्याच्या बचावाच्या आकड्यात एक शून्य जास्त पडलं. कोणाचाच वार त्याला लागेना. संदेशने रिपोर्टमध्ये लिहिलं, "उंदीर अमर आहे. आमच्या चाळीतले असतात तसाच."

*

आणि तो डेमो! गेम बाजारात आणायचा की नाही, हे ठरवायला पब्लिशरच्या मॅडम आल्या होत्या. त्या नाही म्हणाल्या असत्या, तर आमची दोन वर्षांची मेहनत कचऱ्यात. खेळणार होते खुद्द नाईक सर. त्यांची फजिती नको म्हणून मी कोणाला न सांगता त्यांचा प्रत्येक वार लागेल असं करून ठेवलं. ड्रॅगन दोन मिनिटांत मरायला नको म्हणून संदेशने, तोही कोणाला न सांगता, ड्रॅगन मरणारच नाही असं करून ठेवलं.

सर मारतायत. वार लागतोय. ड्रॅगन उभाच! दहा मिनिटं झाली, वीस झाली. सरांचा शर्ट घामाने भिजला. मी संदेशकडे बघतेय, संदेश माझ्याकडे.

अर्ध्या तासाने मॅडम उठल्या. "द्या इकडे," म्हणाल्या आणि माऊस घेतला. कोपऱ्यातलं 'पळून जा' हे बटण त्यांनी शोधलं. शक्यता दोन टक्के. क्लिक केलं.

पहिल्याच फटक्यात सुटल्या!

मॅडम पर्स उचलत म्हणाल्या, "बॅलन्स एकदम परफेक्ट आहे. कोणी केलाय?"

नाईक सर म्हणाले, "मी."